सुकटीच्या वासाचा चंद्र

मुस्तफा परकारच्या डोक्यात तारखा राहायच्या. आखातातल्या हफ्र अल बातिनच्या त्या बांधकाम कंपनीत शेकडो माणसं होती आणि कोणाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, कधी संपतो हे कॉम्प्युटरच्या आधी मुस्तफाला ठाऊक असे. एखादा फोरमन समोरून नुसता गेला तरी मुस्तफा हवेत बघत म्हणे, "तुझा रज्जबच्या अखेरीला खलास होतोय. फोटो आणून दे." इसवी तारखेची हिजरी आणि हिजरीची इसवी तो चहा ढवळता ढवळता करी. एरवी मात्र तो जरा तरंगतच असायचा. ऑफिसच्या खिडकीतून थेट वाळवंट दिसे, आणि वाळवंटाकडे बघत बसायचा पगार मिळणारा आपल्याइतका सुखी माणूस दुसरा नसेल, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

अशा माणसाला स्वतःच्या एकुलत्या एका मुलीचा वाढदिवस मात्र लक्षात राहत नसे.

म्हणजे राहत असे, पण एक दिवस उशिरा. अदिबाचा वाढदिवस बारा मेला. त्या दिवशी त्याची बायको अफशाँ केक आणायची, मुस्तफा तो आवडीनं खायचा, आणि का आणलाय हे न विचारता झोपी जायचा. तेराला सकाळी उठला की मात्र त्याच्या अंगात यायचं. पोरीच्या कपाळाचा मुका घेऊन "हॅपी बर्थडे, बेटा!" म्हणायचा आणि संध्याकाळी भेटवस्तू घेऊन दारात हजर. लहान होती तोवर दोन-दोन वाढदिवस म्हणून अदिबा खूश असायची. मागच्या मेमध्ये मात्र ती म्हणाली, "यू रिमेंबर एव्हरीबडीज एक्स्पायरी डेट, अब्बा. फक्त माझी बर्थ डेट सोडून." तेव्हापासून ती बापाशी कामापुरतंच बोलू लागली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, किती दुवा मागून झालेली ही पोर. मुस्तफाच्या जिवाला ते लागलं होतं. त्यात अफशाँची आई रत्नागिरीत एकटी पडल्यामुळे एप्रिलमध्ये मायलेकी कायमच्या तिकडे जायच्या होत्या. त्याच्या आत पोरीनं आपल्याकडे पूर्वीसारखं बघावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि त्यासाठी तो वाटेल ते करायला तयार होता. पुढचा सगळा घोटाळा ह्या 'वाटेल ते'मुळे झाला.

झालं असं, की शाळेच्या प्रदर्शनासाठी तस्नीम मिसनी सातवीच्या मुलांना चिठ्ठ्या उचलायला लावल्या. प्रत्येक चिठ्ठीत एक साल. त्या सालात अमेरिकेत काय घडलं, कोण जन्मलं, कोण वारलं ह्याचा तक्ता करायचा. हफ्रमधल्या भारतीय शाळेतल्या मुलांनी अमेरिकेतली मयतं का मोजावीत, असा सवाल अफशाँनं केला. पण शाळेला असले सवाल करण्याची आपल्यात पद्धत नाही. अदिबाच्या चिठ्ठीत निघालं १९६९.

"एकोणसत्तर?" मुस्तफाच्या हातातला खबूस रोटीचा तुकडा तोंडाशीच थांबला. "अगं, ते तर माझं साल!"

"युवर पासपोर्ट सेज सिक्स्टी-एट," अदिबा वहीतून डोकं वर न काढता म्हणाली.

"पासपोर्टाला काय कळतंय! त्यात एक जून लिहिलंय. आमच्या शाळेत अख्खा वर्ग एक जूनला जन्मलेला. मास्तरांना बरं पडायचं. माझी खरी तारीख माझ्या आयला माहीत होती. माणूस चंद्रावर उतरला त्या रात्री मी झालो. आय सांगायची, परातीएवढा चंद्र खाडीवर आला होता आणि इकडे मी रडलो."

अदिबानं डोकं वर काढलं. "रियली?"

मागच्या मेपासूनचं हे पहिलं 'रियली'. त्या एका शब्दावर मुस्तफा पुढचे कितीतरी दिवस जमिनीपासून वीतभर वरून चालला.

"देन आय कॅन पुट यू इन बर्थ्स," अदिबा पेन्सिल चावत म्हणाली. "पण तुम्ही अमेरिकन नाही आहात. आणि मिस सोर्स विचारतात."

"चंद्र काय अमेरिकेचा आहे?" मुस्तफा म्हणाला. "आणि नुसता तक्ता कशाला? मी तुला चंद्रच करून देतो. अख्खा."

अफशाँनं आवराआवर करता करता एक उसासा सोडला. लग्नाआधी मुस्तफानं तिलाही चंद्राबद्दल काहीतरी कबूल केलं होतं. त्याची वाट बघून तिनं नाद सोडला होता.

चंद्राचं काम निघालं म्हटल्यावर वरच्या मजल्यावरचे अण्णासाहेब न बोलावता खाली आले. अण्णासाहेब त्याच कंपनीत इंजिनिअर, मूळचे सांगलीचे, आणि ज्यांच्याखालून कधी पाणी वाहिलं नाही असे पुष्कळ पूल त्यांनी ह्या वाळवंटात बांधले होते. त्यांना एक वेड होतं. भारतातून कोणी आलं की सामानाभोवती गुंडाळलेले मराठी पेपर ते मागून घेत, हातानं सरळ करत, तारखेप्रमाणे लावून ठेवत आणि रोज सकाळच्या चहाबरोबर एक, असे क्रमानं वाचत. इंटरनेटवर ताजी बातमी वाचणं त्यांना उष्टं खाल्ल्यासारखं वाटे. त्यामुळे अण्णासाहेबांच्या घरात जग कायम आठ-नऊ महिने मागे असायचं. कोणी क्रिकेटचा निकाल सांगू लागलं की ते कानांवर हात ठेवत. "सांगू नका! मी अजून जूनमध्ये आहे." मनुष्य सुखी होता.

"चंद्र लहान करू नका," अण्णासाहेबांनी सल्ला दिला. "लहान केलात तर तो चेंडू दिसतो."

समोरच्या बिल्डिंगमधले डॉक्टर स्वानंद हाडांचे डॉक्टर. त्यांच्या बायकोनं, रेखावहिनींनी, व्यायामाला म्हणून एक अवाढव्य रबरी चेंडू घेतला होता आणि त्यावर एकदाच बसून पाहिलं होतं. तो चेंडू डॉक्टरांनी आनंदानं आणून दिला. वरून चक्क फ्रॅक्चरचं प्लास्टर घालून देण्याची तयारी दाखवली. चंद्रावर हात फिरवत ते सवयीनं म्हणाले, "सहा आठवडे हलवायचा नाही." पण प्लास्टरनं वजन वाढेल म्हणून अण्णासाहेबांनी ते नामंजूर केलं. कागदाचे थर द्यायचे, मैद्याच्या खळीनं चिकटवायचे, वाळले की आतल्या चेंडूतली हवा सोडून तो काढून घ्यायचा, असं ठरलं.

मुस्तफानं उत्साहानं ऑफिसातून अरबी पेपरांचा गठ्ठा उचलून आणला. अफशाँ स्वयंपाकघरातून धावत आली.

"खबरदार! अरबी कागदाला खळ लावायची नाही. त्यात अल्लाचं नाव कुठे असेल सांगता येत नाही. आणि उद्या तो चंद्र कोणाच्या पायाखाली आला तर?"

"अगं, ही टायरची जाहिरात आहे."

"टायर विकणाराचं नाव अब्दुल्ला असेल."

मुस्तफानं पाहिलं. अब्दुल्लाच होतं. गठ्ठा परत गेला.

मग राहिले अण्णासाहेबांचे मराठी पेपर. त्यांनी ते दिले. पण न वाचलेला पेपर चंद्राला लावू देईनात. "थांबा, ह्यातला अग्रलेख राहिलाय," म्हणून खळ लावलेला कागद ते हातातून काढून घेत आणि वाचून होईपर्यंत खळ वाळून जाई. ह्या चालीनं चंद्र व्हायला ईद उजाडली असती. शेवटी अफशाँनं माळ्यावरून आणखी पेपर काढून दिले. तिच्या माहेरून दर खेपेला सुकट येते, ती ज्यात बांधून येते ते हे पेपर. वरचा सगळा थर त्यांचा बसला.

चंद्र वाळला, त्याला रुपेरी रंग दिला, आणि दिवाणखान्यात टांगल्यावर तो खरोखर इतका देखणा दिसू लागला की मुस्तफा ऑफिसमधून आल्यावर चहा न घेता त्याच्यासमोर बसून राही. फक्त वास काही केल्या जाईना. शाकाहारी अण्णासाहेब नाकाला रुमाल लावून चंद्राकडे बघत. आणि हफ्रमधली मांजरं! ती कुठून कुठून चालत आली. एके दुपारी खिडकी उघडी राहिली आणि त्यातल्या दोन मांजरांनी चंद्रावर चढून यथेच्छ नखं मारली. मुस्तफाच्या डोळ्यांत पाणी आलं. अदिबानं चंद्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अब्बा, क्रेटर्स! परफेक्ट!"

ते दिवस मुस्तफाच्या आयुष्यातले फार गोड दिवस होते. संध्याकाळी तो आणि अदिबा जमिनीवर तक्ता पसरून बसत. ती मोबाइलवर शोधून सांगे, तो ऐके. जानेवारीत नवा राष्ट्राध्यक्ष आला. मार्चमध्ये जुना राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर वारला. त्याच्यासाठी मुस्तफानं आपल्या सवयीनं दुवा पुटपुटली. ऑगस्टमध्ये लाखो तरुण एका शेतात गाणी ऐकायला जमले आणि पावसात चिखलात लोळले. ऑक्टोबरमध्ये एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला पहिलावहिला संदेश धाडला, तर दोन अक्षरं जाऊन यंत्र बंद पडलं. "म्हणजे सिस्टीम डाऊन हे पहिल्या दिवसापासून आहे," मुस्तफा म्हणाला. इकाम्याच्या पोर्टलशी त्याचा जन्मभराचा झगडा होता. आज त्याचं मूळ सापडलं. जुलैच्या चोवीस तारखेला न्यूयॉर्कमध्ये एक गायिका जन्मलेली निघाली आणि मुस्तफाला ती वर्गमैत्रिणीसारखी वाटू लागली. तिच्या नावाच्या वर, वीस जुलैच्या जागी, अदिबानं पेन्सिलनं लिहिलं: मुस्तफा परकार.

"हिजरी डेट पण लिहूया?" ती म्हणाली. "मिस इम्प्रेस होतील."

"त्यात काय!" मुस्तफानं चहात चमचा फिरवला. "वीस जुलै एकोणसत्तर... हिजरी तेराशे एकोणनव्वद... जमादिउल अव्वल, तारीख पाच. फार तर सहा."

आणि चमचा थांबला.

हिजरी महिना चंद्राबरोबर उगवतो. पाच तारखेला आभाळात असते ती कोर, तीही मध्यरात्र व्हायच्या आत मावळायच्या घाईत असलेली. परातीएवढा चंद्र यायचा कुठून?

"शिवाय जुलै," अण्णासाहेब पेपरातून डोकं वर काढून म्हणाले. "जुलैत कोकणात चंद्र दिसतो? आमच्या सांगलीत दिसत नाही."

अदिबानं खोडरबर घेतला आणि पेन्सिलनं लिहिलेलं नाव पुसलं. तिनं ते हळूच पुसलं, बापाला दिसू नये असं बेतानं, म्हणून ते मुस्तफाला जास्त दिसलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात गेला तो एक जूनला जन्मलेला माणूस होऊन. आय खोटं बोलली असेल? तिला विचारायचीही सोय नव्हती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी त्यानं एका सुताराला शाबानऐवजी शव्वाल सांगितला, पोर्टलनं तीनदा अर्ज परत केला, आणि मुदीर म्हणजे मोठा साहेब स्वतः येऊन "मुस्तफा, तब्येत बरी आहे ना?" असं विचारून गेला. ज्याला आपलीच तारीख माहीत नाही त्यानं इतरांच्या काय सांगायच्या, असं त्याला वाटलं. खिडकीतलं वाळवंटही त्या दिवशी नुसती वाळू दिसत होतं.

पण चंद्र तर झालेला होता, आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो शाळेत पोचवायचा होता. तो दारातून निघेना. सोफा काढला, दार काढलं, तेव्हा निघाला. अण्णासाहेबांनी कंपनीचा पिकअप आणला, चंद्र मागे ठेवला आणि इंजिनिअरच्या गाठी मारल्या. पुढे अण्णासाहेब, मुस्तफा, मध्ये अदिबा. शाळा गावाबाहेर, लष्करी शहराकडे जाणाऱ्या रस्त्याला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं गाडीला चक्कर मारली, वास घेतला आणि विचारलं, "पेपर कहाँ है?"

"काय सांगू तुला," मुस्तफा म्हणाला, "पूरा पेपरही पेपर है."

पहारेकऱ्याला ते पटलं नाही. असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर सामान आत घ्यायला प्रिन्सिपलचा शिक्का लागतो, प्रिन्सिपल घरी गेलेले. "कल लाओ." मुस्तफानं आयुष्यभर हजारो कागदांवर शिक्के आणले होते, चंद्राला शिक्का लागेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. गाडी परत फिरली. तेवढ्यात वारा सुटला. हफ्रचा वारा आला की आधी दिसतो आणि मग लागतो. काही वेळानं मागून पोलिसांची गाडी दिवे लावत आली आणि तिनं त्यांना थांबवलं. हम्माद नावाचा तरुण पोलीस उतरला आणि पिकअपच्या मागे लोंबणाऱ्या दोरीकडे बोट दाखवून विचारू लागला, "ह्याला काय बांधलं होतं?"

मुस्तफानं मागे पाहिलं. इंजिनिअरच्या गाठी शाबूत होत्या. चंद्र नव्हता.

"अल-कमर," तो क्षीण आवाजात म्हणाला. चंद्र.

हम्मादनं त्याच्याकडे बघितलं, मग अण्णासाहेबांकडे, मग अदिबाकडे. "रमजानला अजून अर्धा शाबान बाकी आहे, काका," तो म्हणाला. "चंद्र लवकर आणलात आणि हरवलातही?" मग तो इतका हसला की त्याला टोपी काढावी लागली. "यल्ला, शोधू या."

शोधायला फार लागलं नाही. रस्त्यापासून आत, एका छोट्या तंबूपाशी शेळ्यांचा कळप दाटीवाटीनं उभा होता. शेळ्या ज्या एकाग्रतेनं उभ्या होत्या त्यावरून मुस्तफाला सगळं समजलं. मैद्याची खळ, मराठी कागद आणि सुकट. हफ्रमधल्या शेळीला जन्मात असली मेजवानी मिळाली नसेल. धनगर धावत आला, त्यानं शेळ्या हाकलल्या, हजारदा माफी मागितली. चंद्र अर्ध्याहून जास्त खाल्ला गेला होता. उरली होती ती एक वाकडी, नखलेली, रुपेरी कोर.

मुस्तफा वाळूतच बसला. एवढ्या दिवसांची मेहनत, जन्मतारीख, मुलगी, सगळंच शेळ्यांनी खाल्लं असं त्याला वाटलं. धनगरानं चूल पेटवली, सगळ्यांना काळा गोड चहा दिला. सूर्य मावळला तशी हम्मादनं मगरीबची नमाज तिथेच पढली, मुस्तफा त्याच्या मागे उभा राहिला. अण्णासाहेब कोर मांडीवर घेऊन तिच्यावर उरलेला मजकूर वाचत होते. नमाज संपली आणि पाठीमागे पूर्वेला, सपाट वाळूच्या कडेवरून, खरा चंद्र वर आला. मध्यशाबानचा, पुरता भरलेला. इतका मोठा आणि इतका जवळ, की शेळ्यासुद्धा तिकडे वळून पाहू लागल्या. पण त्यांचा हेतू वेगळा असावा. वारा पडला होता. कोणालाही घरी जायची घाई उरली नव्हती.

"अब्बा," अदिबा म्हणाली, "दादी म्हणायची तो चंद्र असा होता?"

"असाच. पण तो नव्हताच ना, बेटा."

"पण दादीनं पाहिला ना? कुठला तरी पाहिलाच असेल. तेव्हा तिथे आणखी कोण होतं?"

होती एक जण. मुस्तफाच्या आयची धाकटी बहीण, आबिदा खाला. गावीच राहते. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. अदिबानं तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. खाला सत्तरी ओलांडलेली आणि फोनवर ओरडून बोलणारी. तिच्या आवाजानं एक शेळी दचकली.

"उतरला त्या दिशी आमाला कुठं कललं, बाय?" खाला ओरडली. "खाडीला पूर, होडी बंद, खोतांचा रेडू पावसानं बसलेला. आठ-धा दिस गावात कोन आलं नाय, कोन गेलं नाय. मग उघाडी पडली, होडी सुटली, तवा माजा चुलता पेपर घेऊन आला. मशिदीच्या पायरीवर बसून वाचून दाकवला. आभाल लख्ख झालेला, चांद ह्यो येवडा! सगला गाव धावला खाडीवर, मानूस दिसतोय काय बगायला. कोन म्हने त्यो बग चालतोय, कोन म्हने गप, डाग हाय त्यो. आनि हिकडं घरात माजी भैन कलवलतेय! सुईनसुदा चांद बगायला गेलेली. मी धावत जाऊन तिला हाताला धरून वडत आनली. चालतेय फुडं आनि बगतेय मागं. तुजा बाप झाला तवा माजी भैन तेवडी घरात व्हती, बाकी समदा गाव चांदावर!"

फोन बंद झाला. मुस्तफाला ती खाडी दिसत होती. गुडघाभर चिखलात उभं राहून वर बघणारा तो सगळा गाव दिसत होता. ज्यांना ते गावकरी शोधत होते ती माणसं केव्हाच परत पृथ्वीवर पोचली होती. पण गावाला त्याच्याशी काय करायचं होतं? गावात माणूस त्या रात्रीच चंद्रावर उतरला होता.

"जमादिउल अव्वलची चौदा," मुस्तफा पुटपुटला. "म्हणजे अठ्ठावीस जुलै. फार तर एकोणतीस." त्यानं बोटांवर पुन्हा एकदा मोजलं. "आय खरं बोलत होती."

"ह्यात आश्चर्य ते काय?" अण्णासाहेब म्हणाले. "पेपर पोचेल तिथे बातमी घडते. मी इतके दिवस तुम्हाला दुसरं काय सांगतोय?"

अदिबा वाळूत बोटानं गोल काढत होती. काढता काढता तिचं बोट थांबलं.

"अब्बा," ती म्हणाली, "मी झाले ते तुम्हाला कधी कळलं?"

ती झाली तेव्हा मुस्तफा दूर तबूकच्या बाजूला साइटवर होता. वाळूचं वादळ आलं, टॉवर पडला, फोन मेले. सगळा दिवस आणि सगळी रात्र तो खाटेवर बसून दुवा मागत होता. दुसऱ्या दिवशी वादळ निवळल्यावर दुसऱ्या कॅम्पवरून एक ड्रायव्हर गाडी हाकत आला आणि लांबूनच हात हलवत ओरडला, "मुबारक हो! लडकी हुई है!" मुस्तफानं भांडारातला होता नव्हता तेवढा खजूर सगळ्यांना वाटून टाकला होता.

"तेराला," तो म्हणाला.

आपण दरवर्षी तेराला का जागे होतो हे त्याचं त्यालाच तेव्हा कळलं. आय गेली तीही त्याच्या हिशेबी गेली ते फोन आला त्या दुपारी. गावात तोवर तिची माती झाली होती. इकडं राहणाऱ्याच्या घरातले जन्म आणि मरणं अशीच घडतात, फोन वाजेल तेव्हा. हे त्यानं कोणाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, आणि सांगताना त्याला रडू आलं, आणि पोलिसासमोर रडतोय ह्याची त्याला लाजही वाटली नाही.

"यू शुड हॅव टोल्ड मी," अदिबा त्याच्या दंडाला डोकं टेकवून म्हणाली.

"मलाच कुठे माहीत होतं, बेटा!"

प्रदर्शनात ती कोरच टांगली. इतर मुलांनी ज्वालामुखी आणले होते, गगनचुंबी इमारती आणल्या होत्या; चंद्राभोवती मात्र जरा मोकळी जागा होती, वासामुळे. तस्नीम मिसनी विचारलं, "चंद्र पूर्ण का नाही?" अदिबा म्हणाली, वीस जुलैला तो एवढाच होता, हिजरी तारखेवरून खात्री करून घ्या. मिसनी मोबाइलवर खात्री करून घेतली आणि चाट पडल्या. शेळ्यांचा सहभाग कोणी विचारला नाही, म्हणून कोणी सांगितला नाही. तक्त्यात वीस जुलैला लिहिलं होतं, माणूस चंद्रावर उतरला. अठ्ठावीस जुलैला पुन्हा लिहिलं होतं, माणूस चंद्रावर उतरला, आमच्या गावात. त्याच तारखेला जन्म, मुस्तफा परकार, ह्या वेळी शाईनं. सोर्स म्हणून आबिदा खालाचं नाव होतं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते अण्णासाहेबांनी आपल्याकडे ठेवून घेतलं, कारण पेपर त्यांचे होते.

एप्रिलमध्ये मायलेकी गेल्या. घरात दार परत बसवलं होतं, सोफा जागेवर होता, आणि कधी नव्हे ते मांजरंही यायची थांबली होती. कोर मुस्तफानं पलंगावर टांगून घेतली.

बारा मे आला. ह्या खेपेला मुस्तफानं मोबाइलला गजर लावला होता, भिंतीवर लिहिलं होतं, हाताच्या तळव्यावरही लिहिलं होतं. पहाटेची नमाज होताच त्यानं रत्नागिरीला फोन लावला.

"हॅपी बर्थडे, बे..."

"आज नाही, अब्बा," अदिबानं मध्येच तोडलं. "आज अम्मीकडचा आहे. तुमचा उद्या." आणि तिनं फोन ठेवून दिला. मुस्तफा दिवसभर हिरमुसलेला होता.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात कोणाचा तरी इकामा पोर्टलवर चढवत होता आणि पोर्टल नेहमीप्रमाणे मेलेलं होतं. खिडकीबाहेर वाळू हळूहळू उडत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"मुस्तफा परकार बोलतायत का?" पलीकडून अगदी गंभीर आवाज आला. हसू दाबलेलं कळत होतं.

"हो. बोला."

"मुबारक हो," अदिबा म्हणाली. "लडकी हुई है."

मुस्तफानं फोन कानाशी तसाच धरून ठेवला. मग तो उठला आणि ऑफिसभर वाटायला खजूर शोधू लागला.